पहाटताईच्या ताटातले पीच

ऑगस्ट लागला की तेरिम गटाच्या खोलीत एकटी थांबायची नाही. यंदा तर ती गटाची प्रमुख, म्हणजे पहाटताईचं श्राद्ध तिच्याच हातून व्हायचं होतं.

सोलमधल्या त्या कॉलेजात या मुलांच्या गटाला तिसऱ्या मजल्यावरची, बोळाच्या टोकाची खोली होती. सफाईवाल्या बायकांना कामावरून काढलं, कुणाची वस्ती पाडायला माणसं आली, की ही पोरं हाताने लिहिलेले मोठमोठे कागद भिंतींवर चिकटवायची आणि खाली आपलं खरं नाव घालायची. खऱ्या नावाची ही चैन अलीकडची बरं का. लष्करी राजवटीत गटात सगळ्यांना टोपणनावं असत. खरं नाव, गाव, घर विचारायचं नाही, हा पहिला नियम. न जाणो, उद्या मार पडला तर तोंडून काय काय निघेल!

पहाटताई त्या काळातली. एका ऑगस्टात साध्या कपड्यातले पोलीस मागावर आले, ती मागच्या जिन्याने उतरली आणि गेली ती गेलीच. मागे राहिलेल्यांनी कळवायचं तरी कुणाला? नियम इतका इमानेइतबारे पाळला होता की तिचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. मग ते दरवर्षी खोलीतच तिचं ताट मांडू लागले. भात, सूप, मासा, आणि तिला जीव की प्राण असलेले पीच. रीतीप्रमाणे, आत्म्याला आत यायला म्हणून, दार उघडं ठेवायचे.

आणि दरवर्षी बोळात पावलं वाजायची. टक्, मग काहीच नाही, पुन्हा टक्. दारापर्यंत येऊन थांबायची, जरा वेळाने परत जायची. तेरिमने दोन वर्षं ती ऐकली होती. त्या काळातला एकटा मुनहोदादा अजून श्राद्धाला यायचा. केस पांढरे झाले तरी पोरं त्याला दादाच म्हणत. तो मान खाली घालून सांगायचा, पाण्याचा नळ वाजतोय, दुसरं काही नाही.

यंदा तेरिमने भिंतीवर कागद लावला. आमच्या एका ताईचं नाव आम्हाला माहीत नाही. ती पीच बाहीला पुसून सालीसकट खायची, मानेवर पुरळ उठायचं तरी खायची. कुणी ओळखतं का? कागदाचा फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरला. श्राद्धाच्या संध्याकाळी, उदबत्त्या लावत असतानाच एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"तुमची ताई ती माझी मुलगी नव्हे, एवढंच सांगायला आलेय," ती म्हणाली. "माझी जिवंत आहे. कधीही येईल म्हणून मी अजून रात्री कडी लावत नाही."

तेरिमने तिला उशी देऊन बसवलं. म्हातारीची नजर ताटावर गेली आणि तिचा चेहराच खुलला. "पीच? अगं वेडे, मेलेल्या माणसाला पीच दाखवतात का? त्याच्या वासाने आत्मा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे ती गेली असं तुम्हालाही वाटत नाही तर!"

मुनहोदादा ओशाळून म्हणाला, आजी, आम्ही असलं काही मानत नव्हतो, तिला आवडायचे म्हणून ठेवले. मोठे शिकलेले! इतकी वर्षं दार उघडं टाकून त्यांनीच तिची वाट अडवली होती.

तेवढ्यात बोळात वाजलं. टक्, मग काहीच नाही, पुन्हा टक्. पावलं दाराशी येऊन थांबली. उदबत्तीचा धूर आत वळला.

म्हातारी कान देऊन ऐकत होती. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. "एकाच पायात बूट आहे," ती म्हणाली.

मुनहोदादा तिच्यापुढे येऊन बसला. "दुसरा नदीकाठी सापडला होता, आजी. मी कुणाला सांगितलं नाही. ताट मांडायचो, तरी हे सांगितलं असतं तर ती मेली हे नक्कीच झालं असतं."

म्हातारी दाराकडे बघत होती. तिचं काळीज तुटत होतं आणि तेरिमला ते बघवत नव्हतं. पीच राहू दिले असते तर मुलगी जिवंतच राहिली असती, आईपुरती तरी. पण पोर उपाशी उंबऱ्यावर उभी होती.

म्हातारीने एकेक पीच उचलून ओच्यात घेतला, ओचा घट्ट धरला आणि मेलेल्या माणसाला वाढतात तसा भातात चमचा उभा रोवला.

"ओक्बुन," तिने हाक मारली. "ये गं, जेवून घे."

त्या खोलीत ते नाव पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. तेरिम पावलं परत जायची वाट बघत राहिली. ती परत गेली नाहीत.

"दार लाव, पोरी," म्हातारी म्हणाली. "आली ती."