विहिरीवर शांत टिकटिकलेला किरणमापक

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक. पिवळ्या पत्र्याची पेटी, वर मूठ, काचेआड एक काटा आणि वायरीला जोडलेली नळी, एवढाच माझा देह. डोळ्यांना न दिसणारे किरण मला कळतात. थोडे किरण तर मातीत, दगडातही असतात. तेव्हा मी सावकाश टिकटिकतो. वाढले की ताशासारखा कडकडतो.

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत मी नगरला आलो. लढाई लवकर संपली आणि माझी रवानगी कपाटात झाली. मात्र नागरी संरक्षणाचे शिक्षक सूर्यभान दर सोमवारी मला बाहेर काढत, सेल तपासत, पुसत. गावोगावी नेत. लोक मला रेडिओ समजत. "मास्तर, गानं लावा की!" म्हणत. मला भारी गंमत वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात देवळाली प्रवराजवळ पाण्याचे मोठे नळ जोडण्याचे काम चालले होते. जोड पक्के आहेत का, ते किरणांनी फोटो काढून पाहत. एके दिवशी त्या यंत्रातली चिमुकली, पण जवळ जाणाऱ्याला इजा करणारी किरणांची कुपी निसटून पडली आणि हरवली. दुपारी ते ध्यानात आले आणि सूर्यभान मला घेऊन जीपने तिथे धावले. कामाची जागा झाडून स्वच्छ केलेली होती.

"इथं कुणी झाडलं?" त्यांनी विचारले.

"म्या," साळूबाई नावाची कामकरीण पुढे आली. "ढकलगाडीनं केर हिरीमागं टाकला. काय चुकलं का, मास्तर?"

"नाही बाई, तू सांगितलंस हेच मोठं काम केलंस."

विहिरीकडे चार पावले टाकताच मी कडकडलो. काटा टोकाला भिडला. सूर्यभान मागे सरले, दोरी बांधून त्यांनी माणसे, शेळ्या सगळी लांब नेली. मग जाणकार माणसाने लांब चिमट्याने कुपी उचलून किरण अडवणाऱ्या शिशाच्या डब्यात बंद केली. मी पुन्हा सावकाश टिकटिकू लागलो. साळूबाईला डॉक्टरांनी तपासले. ती ठणठणीत होती.

पण विहिरीचे पाणी कोणी भरेना. दुष्काळात भोवती ओली विहीर ती एकच! कुपी फुटलेली नाही, पाण्यात काही मिसळलेले नाही, असे सूर्यभान परोपरीने सांगत. पाण्याची बाटलीही तपासायला गेली, पाणी चांगले असल्याचा निर्वाळा आला. तरी भीती जाईना. आठ दिवस ते रोज मला तिथे नेऊन काठावर, मातीवर फिरवत आणि मी शांतपणे टिकटिकत राही.

नवव्या दिवशी साळूबाईने कंबरेला पदर खोचला. "कुपी हुती तवा ह्यो केवढा बोंबलत हुता! आता नुसता हळू टिकटिकतोय. मग आपन का तहानेनं मरायचं?" तिने पोहरा सोडला आणि सर्वांसमोर गटागटा पाणी प्यायले. तासाभरात काठावर घागरींची झुंबड उडाली. निघताना तिने मला कुंकू लावले. "बाई, काचेला नको!" सूर्यभान ओरडले आणि सगळे हसले.

मित्रांनो, अनोळखी चकचकीत वस्तूला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि क्वचितच लागणाऱ्या यंत्रांना अडगळ म्हणू नका. त्या दुपारी माझे सेल संपलेले असते, तर मी मुकाच राहिलो असतो.