पिवळं विमान आणि ठरलेला खोकला

जुनी रिमोटची विमानं जमवणं हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याचं वेड, आणि ती स्वस्तात पदरात पाडून घेणं ही त्याच्या बायकोची कला. ती लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायची. लोकांनी लपवलेले डाग शोधण्यात तिची हयात गेली होती. नवऱ्याला मात्र घासाघीस अजिबात जमत नसे. आवडती वस्तू दिसली की गड्याचा चेहरा असा खुलायचा, की विकणारा जागच्या जागी भाव वाढवायचा. म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. त्यानं कान खाजवला तर मालात खोट. खोकला तर माल उत्तम, सोडू नकोस. बोलायचं तिनं. त्यानं फक्त पडेल तोंडानं उभं राहायचं.

त्या रविवारी दोघं एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांकडे गेले. 'सगळंच काढायचं आहे,' एवढीच जाहिरात होती. मागच्या खोलीत छताला विमानं टांगलेली. टेबलावर चार्जर, रिमोट, आणि दात साफ करायची जुनी हत्यारं, आता वाळलेला गोंद खरवडायला ठेवलेली. मधोमध एक पिवळं विमान. तसल्या विमानाच्या मागावर नवरा दोन वर्षं होता.

"रंग उडालाय," तिनं सुरुवात केली. "आणि पोटाला हा जोड दिसतोय."

"दिसतोच," डॉक्टर म्हणाले.

ती आता रंगात येणार, एवढ्यात नवऱ्यानं घोळ घातला. त्यानं विमान उचललं आणि पंखांखाली दोन बोटं नेमकी तिथे टेकवली, जिथे ते तोल सांभाळून आडवं राहतं. उडवणाऱ्याची ही सवय. त्याला स्वतःला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर खो खो हसले.

"वहिनी, तुम्ही कितीही नावं ठेवा, यांच्या बोटांनी केव्हाच पसंती दिलीय. न्या, तुम्ही म्हणाल त्या भावात."

एरवी ती खूश झाली असती. पण एखादं गिऱ्हाईक वाद न घालता कोट टाकून गेलं, की त्याच्या घरी काहीतरी बिनसलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

"एवढं स्वस्त का, डॉक्टर?"

त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "गेल्या महिन्यात दोन विमानं झाडात घातली. हे तरी शाबूत राहू दे. कुणीतरी उडवेल." बोलता बोलता ते बाहीनं पंखावरची नसलेली धूळ पुसत होते. तिला गलबलून आलं.

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, नवशिक्यांना शिकवताना तुम्ही दोन रिमोट केबलनं जोडता ना? त्यांचं चुकलं की खटका ओढून विमान आपल्या ताब्यात घेता?"

"ते शिकाऊंसाठी असतं गं."

"चाळीस वर्षं उडवतोय मी," डॉक्टर ताठ झाले. "आता शिकाऊ म्हणून उभा राहू?"

"विमान आम्ही नेतो. पण दर रविवारी मैदानावर येऊन ते तुम्ही उडवायचं. हा माझा शेवटचा भाव. यात घासाघीस चालायची नाही."

पुढच्या रविवारी मैदानावर पिवळं विमान चढलं. डॉक्टरांनी जीभ दातांत धरली होती आणि ते शाळकरी पोरासारखे दिसत होते. उतरताना मात्र वारा फिरला, एक पंख खाली गेला. तिनं नवऱ्याचं बोट खटक्यावर गेलेलं पाहिलं. विमान सावरलं आणि गवतावर अलगद टेकलं.

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "खरं सांगा. शेवटी तुम्ही घेतलंत ना?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाच्या चेहऱ्यावर आजवर काही लपलं नव्हतं. पण आज तो अगदी शिकवल्यासारखा पडेल तोंडानं उभा होता.

"नाही हो. तुम्हीच उतरवलंत," नवरा म्हणाला, आणि खोकला.

"डॉक्टर," ती लगेच म्हणाली, "पुढच्या रविवारी किती वाजता?"