हिरवा ठिपका आन् रऊफभाईची हाजरी

पैज लागली रऊफभाईच्या पंक्चरच्या दुकानापुढं, आन् लागली कशावर, तं मोबाईलमधल्या एका हिरव्या ठिपक्यावर.

साल तुरीचं होतं. तूर अशी पिकली का भाव तोंडावर आपटला, आन् सरकारी खरेदी केंद्रापुढं ट्रॅक्टरची रांग पार नाल्यापलीकडं गेली. मंग केंद्रानं वेबसाईट काढली. एकच पान. त्यातच टोकन, त्यातच भाव, त्यातच हवामान. पान उघडं ठेवा, तिकडं नंबर पुकारला का इकडं आपोआप बदलते. कोपऱ्यात हिरवा ठिपका, म्हन्जे केंद्राशी तार जुळेल हाय. बनवलं धर्मपाल मास्तरच्या पोरीनं, दीक्षानं, अमरावतीच्या हापिसात बसून. पन मिरवून राहिले होते पंजाबराव. मोठ्या पडद्याचा मोबाईल त्यायचाच.

"ठिपका हिरवा हाय तोवर नंबर खरा," पंजाबराव म्हने.

"मी तं पान्यात बुडवल्याबिगर ट्यूबवरबी भरोसा नाही ठेवत," रऊफभाई म्हने. "लावता पैज?"

"लावली! गल्लीतल्या सुंदराबाईचा दोनशे बारा नंबर येईलोक पान खरंच बोलंन. पन ज्यानं फोनवर बोलून केंद्रावरची खबर घेतली, तो हारला."

"कबूल. हारला त्यानं बाजाराच्या दिवशी चौकात उलट्या घमेल्यावर बसाचं. कोनीबी इचारलं 'हायेस का?' का 'हाव!' म्हनाचं. दिवस बुडेलोक."

हे बोलतानाच रऊफभाईले घमेल्यावर बसेल पंजाबराव दिसत होते.

सुंदराबाईचं मात्र हसन्यावारी नोहतं. नवरा शालिकराम पाय मोडून खाटेवर. चौदा पोते तूर भाड्याच्या ट्रॅक्टरवर भरून दारात उभी. खरेदीचा शेवटचा दिवस. नंबर पुकारला आन् मानूस गेटवर नसला का टोकन बाद, मंग व्यापारी देईन तो भाव.

आता रऊफभाई सरळ पैज खेळनाऱ्यातला नाहीच. त्याचा साळा नईम केंद्राच्या गेटवर चहाची गाडी लावे. दोघायचं ठरेल होतं: दहा नंबर सरकले का एक मिस कॉल. मिस कॉल म्हन्जे काही बोलनं नाही, तवा पैजेत बसते.

सकाऊन पान बराबर चाललं. पंजाबराव येनाऱ्या-जानाऱ्याले थांबवून दाखवत. "हे टोकन. हे भाव. हे हवामान. पुन्हा टोकन." बोट थांबतच नोहतं.

अकराले पानावर एकशे एकाहत्तर आला आन् तिथंच बसला. ठिपका हिरवागार. रऊफभाईचा मोबाईल एकदा वाजून बंद झाला. एकशे ऐंशी! थोड्या वेळानं पुन्हा. एकशे नव्वद! रऊफभाई ट्यूबमध्ये तोंड खुपसून हसला.

तेवढ्यात सुंदराबाई आली. "किती झाला जी पंजाबराव?"

"एकाहत्तर. तुमी निवांत भाकरी थापा."

बाई घराकडं वळली तसं रऊफभाईचं हसू अर्ध्यावरच अडकलं. जाऊ दे, दोनशे झाले का सांगू, त्यानं मनाले समजावलं.

आन् फोन वाजला. एक रिंग, दोन, तीन. नईम काही कापेना. ज्या मानसानं बहिनीच्या लग्नापासून एक कॉल खर्चला नाही, तो वाजवूनच राहिला.

"उचला की, रऊफभाई!" पंजाबराव दात काढत म्हने.

रऊफभाईनं गल्लीतल्या ट्रॅक्टरकडं पाह्यलं आन् उचलला.

"दुल्हाभाई, आधे लोग आयेच नई! धडाधड टोकन बाद कर रहे! दोसौ चार चालू है!"

"हारलो, बे!" म्हनून रऊफभाई पयत सुटला. पीठभरल्या हाताच्या सुंदराबाईले तशीच ट्रॅक्टरवर बसवलं, डायव्हर बिडी पेत होता त्याले उतरवलं, आन् पाच किलोमीटर असा हाकलला का वाटेतले कुत्रे सुद्धा भुकाचं इसरले.

"दोनशे बारा! दुसऱ्यांदा सांगून राहिलो, दोनशे बारा!" गेटवरचा मानूस पुकारत होता.

"हाव! हावो, आली!" सुंदराबाई ट्रॅक्टरवरूनच वरडली. चौदाच्या चौदा पोते मोजल्या गेले.

संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. "पंजाबकाका, तुमी टोकनवरून भावावर गेले का पान नवी तार जोडे, पन जुनी सोडतच नोहतं. चूक माही. तुमी एकट्यानंच शेकड्यानं तारा जोडल्या. केंद्राचा कम्प्युटर घुसमटला आन् साऱ्यायच्याच पानाशी बोलाचा बंद झाला."

"मंग ठिपका हिरवा कावून होता, पोरी?"

"एकदा झाला तो झाला. पुढं तार जिती हाय का मेली, हे मी त्याले इचारालेच सांगतलं नोहतं."

रऊफभाईनं फोन हिसकला. "बेटा, बाजाराच्या दिवशी चौकात ये. तारेले 'हायेस का' कसं इचारतात ते पाहून घे."

बाजाराच्या दिवशी रऊफभाई घमेल्यावर. पोट्टे, बाया, भाजीवाले, सारा गाव रांगेनं.

"हायेस का?"

"हाव!"

पंजाबराव तं दर मिनिटाले हाजर. "हायेस का?"

"हाव, बापा!"

सुट्टी घेऊन आलेली दीक्षा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. "चाचा, हेच टाकलं पानात. तार एकच, कितीबी फिरा. दर अर्ध्या मिनिटाले इचारन, हायेस का? जबाब नाही आला का ठिपका लाल, आन् तार नव्यानं जोडाची."

"म्हन्जे माही सजा कम्प्युटरलेबी?"

दुपार कलल्यावर पंजाबरावनं पुन्हा इचारलं, "हायेस का?"

रऊफभाईनं मान टाकली. डोये बंद.

"रऊफभाई? अबे, हायेस का?" पंजाबराव घाबरले. हलवलं, हाका मारल्या, कोनाची तरी घागर उचलून डोक्यावर ओतली.

ओलाचिंब रऊफभाई डोये मिटूनच वरडला, "पाह्य दीक्षा, तार नव्यानं जोडली यायनं! हाव!"

सुंदराबाईनं पदरानं त्याचं डोकं पुसलं. मंग कंबरेवर हात ठेवून तिनंबी इचारलं, "हायेस का रे, रऊफ?"

"हाव, बाई," रऊफभाई म्हने. दिवस बुडाले अजून दोन घंटे होते, आन् रांग वाढूनच राहिली होती.