नळी कुठे घालावी

परमुलखात आपला माणूस भेटला की भलाभला शहाणा निम्मा बावळट होतो, हे उज्ज्वल मेश्रामला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तो नागपूरहून सिंगापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात संशोधक म्हणून रुजू झाला, आणि साहेब निघाला पुण्याचा. सुबोध. “अरे वा, मराठी! मग आपण कशाला इंग्रजी झाडायचं?” झालं! त्या एका वाक्यावर आमचा उज्ज्वल विकला गेला.

तेव्हापासून दोघांची एक पद्धतच पडली. चांगली बातमी असली की इंग्रजीत, मेलवर, सगळ्यांना दिसेल अशी. भानगड असली की हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, कोपीच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या कपावर, मराठीत, हळू आवाजात. आपल्या माणसाची चूक चारचौघांत दाखवायची नसते, तीही लेखी तर नाहीच नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, घरूनच घेऊन येतो आपण.

आता झालं असं. केमोच्या पेशंटला किंवा महिनाभर अँटिबायोटिक लागणाऱ्याला दंडाच्या शिरेतून एक लांब बारीक नळी थेट हृदयाच्या तोंडाशी नेऊन ठेवतात. ती नर्सनं पेशंटच्या बेडपाशीच घालावी, की त्याला रेडिऑलॉजीत नेऊन डॉक्टरनं एक्स-रेखाली घालावी? स्वस्त काय पडतं? हॉस्पिटलला हा हिशेब हवा होता. सुबोधनं वरिष्ठांना आधीच सांगून ठेवलं होतं की बेडपाशी स्वस्त. आकडे तेवढे उज्ज्वलनं काढायचे होते. म्हणजे निकाल आधी आणि परीक्षा मागाहून!

आकडे आलेही तसेच. बेडपाशी निम्म्या खर्चात काम! उज्ज्वलला ते फारच गोड वाटलं, म्हणून तो खोलात गेला, तर भलतंच निघालं. ज्यांची शीर नर्सला सापडली नाही, दोनतीनदा टोचूनही नळी गेली नाही, त्यांना शेवटी रेडिऑलॉजीत पाठवलं जात होतं. आणि नळी जिथे अखेर बसली तिथल्या नावावर सगळा खर्च पडत होता. नर्सचा वाया गेलेला वेळ, फुकट गेलेलं सामान, सगळं रेडिऑलॉजीच्या डोक्यावर. आपली नापास पोरं शेजारच्या शाळेच्या पटावर ढकलायची आणि आपला निकाल शंभर टक्के म्हणून मिरवायचं, तसला प्रकार. नीट मोजलं तर फरक जवळजवळ उरतच नव्हता. बारीक शिरांच्या म्हाताऱ्या पेशंटांत तर बेडपाशीच महाग पडत होतं, आणि बिचाऱ्यांच्या दंडाची चाळण व्हायची ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हॉकर सेंटरमध्ये सुबोधला सगळं सांगितलं.

“सर, न जमलेल्या केसेस आपण चुकीच्या बाजूला मोजल्यात. मी आकडे पुन्हा काढतो. मेल टाकू का तसा?”

“मेल? अरे, आपण दोघं आहोत ना! लेखी गेलं की दहा जण नाक खुपसतात. मी बघतो काय करायचं ते. तू निर्धास्त राहा.”

आणि हा राहिला निर्धास्त! कर्म माझं!

पुढच्याच आठवड्यात कमिटीपुढे सुबोधनं तेच जुने आकडे ठेवले. उज्ज्वल पाहतच राहिला. रेडिऑलॉजीच्या प्रमुख डॉक्टर टेओ शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“बेडपाशी जमली नाही असे पेशंट कुणाच्या खात्यात धरलेत?”

सुबोधनं खुर्ची उज्ज्वलकडे वळवली. “डेटाचं सगळं उज्ज्वल बघतो,” तो स्वच्छ इंग्रजीत म्हणाला. “मी हे पहिल्यांदाच ऐकतोय.”

कानांवर हात ठेवावेत तर असे! उज्ज्वलच्या अंगाचा नुसता संताप झाला. ‘तुम्हाला सांगितलं होतं,’ हे अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर परकी माणसं बसलेली, आणि त्यांच्यादेखत दोन मराठी माणसांनी एकमेकांना खोटं पाडायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मागाहून सर सांभाळून घेतील, असंही त्या भाबड्याला वाटलं.

“सॉरी,” तो म्हणाला. “माय मिस्टेक.”

सांभाळून घेतात हो! महिना संपायच्या आत कळवलं गेलं की करार वाढवणार नाही. नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पास गेला. पास गेला की क्लेमेंटीचा फ्लॅट, लेक इराची शाळा, सगळंच गेलं. रुपाली, त्याची बायको, ते ऐकून फक्त म्हणाली, “आणि तुझ्या त्या सरांचा फोन?” फोन आला नव्हता.

सरच आले. शनिवारी संध्याकाळी, लिटिल इंडियातल्या पेढ्यांचा डबा घेऊन. इतक्या वर्षांत आंबेडकर जयंतीला बोलावलं तेव्हा आला नाही, इराच्या वाढदिवसाला आला नाही. आता बरोबर घर सापडलं.

रुपालीनं पाणी आणून ठेवलं. सुबोधनं ग्लासाला हात लावला नाही. घाईत असेल.

“उज्ज्वल, अरे, कमिटीला दुरुस्त आकडे हवेत,” तो सोफ्याच्या कडेवर टेकून म्हणाला. “ते कसे काढायचे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तासाभराचं काम आहे. आपल्या आपल्यात उरकून टाकू. मी तुला रेफरन्स असा देतो की बस्स!”

“प्लीज राइट टू मी,” उज्ज्वल म्हणाला. “अँड कॉपी डॉक्टर टेओ.”

सुबोध हसला. “घरात कसलं रे इंग्रजी? मराठीत बोल ना.”

“मराठीतच बोललो होतो, सर. ते तुम्ही ऐकलंच नव्हतंत म्हणे.”

सुबोधचा चेहरा पडला. काहीतरी पुटपुटत त्यानं बूट चढवले आणि तो गेला. जाताना पेढे मात्र विसरला नाही, उचलून घेऊन गेला.

उज्ज्वलच्या जिवाला किती दिवसांनी थंड वाटलं. कशी जिरवली एकेकाची! शाबासकी मिळेल म्हणून त्यानं रुपालीकडे पाहिलं. तिनं भरलेला ग्लास उचलला आणि पाणी बेसिनमध्ये ओतलं.

“दार लावून छान बोललास,” ती म्हणाली. “तिथं ऐकायला खोलीभर माणसं होती, तेव्हा का रे मूग गिळून बसलास?”