कस्तुराचा आवाज ऐकलेला टेलिफोन

मित्रांनो, जळगावच्या एका कापसाच्या पेढीच्या माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेला मी एक जुना टेलिफोन आहे. सागवानी पेटी, पितळी घंटा आणि फिरवायची मूठ असे माझे रूप. पेढीचे मालक झुलालशेठ यांनी मला भिंतीवर बसवले, तेव्हा गावातली माणसे मला बघायला येत. दिवसभर माझ्यातून रुईचे भाव जात. मला मात्र मायेचे शब्द ऐकायची ओढ होती.

पेढीच्या अंगणात तानुबाई कापूस निवडत असे. तिची एकुलती एक लेक कस्तुरा धुळ्याला दिली होती. जावई तिथल्या तेलाच्या गिरणीत कामाला होता. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, साऱ्या लेकी माहेरी येऊन झोके घेत. कस्तुराला मात्र सासरचे धाडत नसत. एका अखाजीला तानुबाईचे भरलेले डोळे पाहून शेठने धुळ्याच्या गिरणीला फोन लावला आणि कस्तुराला बोलावून घेतले.

तानुबाईने माझा कर्णा कानाशी धरला.

"माय, मी कस्तुरा."

"कशी शेस वं?"

"बठ्ठं बेस शे, माय."

"मंग तुना आवाज असा का व्हयना?"

पलीकडे नुसता श्वास. तो मी जपून आणला, तारेत सांडू दिला नाही. तानुबाईने कर्णा माझ्या आकड्याला अडकवला.

"शेठ, पोर बरी नही. मी धुयाले जास."

"अगं, बरं आहे म्हणाली ना ती?"

"ती म्हने. तिना आवाज नही म्हने."

तशीच ती स्टेशनवर गेली. धुळ्याला पाहते तो काय, हिवतापाने लेक नुसती काडी झालेली! सासरच्यांनी कळवलेही नव्हते. तिने लेकीला माहेरी आणले, औषधपाणी केले. दिवाळीनंतर जावई खालमानेने न्यायला आला.

"दर अखाजीला मी स्वतः आणून सोडीन," तो म्हणाला आणि शब्दाला जागला.

मग कस्तुराला फोनची गरजच उरली नाही. मला आनंद झाला. तरी दर अखाजीला मी तिच्या आवाजाची वाट बघत असे. पुढे काळा, चकचकीत टेलिफोन आला आणि मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ सवडीने पुसा. पण दूरचे आपले माणूस "बरं आहे" म्हणाले, तर लगेच फोन ठेवू नका. जरा थांबा. खरे बोलायला त्याला वेळ लागतो.