एका बैठकीचं जेवण

निघता निघता सुगनबाईंनी सुनेला तिसऱ्यांदा बजावलं, "बिनणी, एका बैठकीत जेवायचं. मधे उठलीस की संपलं, मग उद्या सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही. आणि ह्याच्या नादी लागू नकोस."

"मम्मी, मी काय हिला उपाशी मारणार आहे?" मोटारसायकल सुरू करत संयम म्हणाला.

"तू नाही. तुझं ते डबडं मारेल," सुगनबाईंनी त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

रिद्धी हसली. लग्नानंतरची तिची ही पहिली पौष दशमी. तीन दिवस ओळीने एकासणं, म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवायचं. परवा नुसतं साखरेचं पाणी झालं, काल खीर, आणि आज तिसऱ्या दिवशी भरलं ताट. सकाळपासून तिच्या तोंडात बेसनाच्या गट्ट्यांच्या भाजीशिवाय विषय नव्हता. घरी असती तर बारालाच जेवून मोकळी झाली असती. पण घरच्या पाइपांच्या दुकानाला सुट्टी आजच होती आणि संयमने गळ घातली होती, "डबा घेऊन जाऊ. दोनपर्यंत पोचू. आधी तुझं जेवण, मग माझे फोटो. शब्द देतो."

शब्द द्यावा लागला, कारण ही त्यांची तिसरी फेरी होती. पहिल्या वेळी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी तो तिला गाडी राखायला बसवून गेला तो तीन तासांनी उगवला. दुसऱ्या वेळी तिच्याशी बोलता बोलता टेकडीवर चढून गेला आणि ती मागे एकटीच बोलत राहिली. "या खेपेला धड झालं तर पुढे येईन," रिद्धीने हसत सांगितलं होतं. संयमला ती सोबत हवी होती. अगदी मनापासून हवी होती. जळगावला तिला पाहायला गेला तेव्हाही त्याने दुकानाबद्दल कमी आणि माळरानाबद्दल जास्त सांगितलं होतं.

दोनला पोचायचे ते पावणेचारला पोचले. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडल्या होत्या, मैलभर लालच लाल. तिथे तो थांबला. पुढे कापसाच्या वाळक्या पळाट्यांपाशी थांबला. दर वेळी "पाचच मिनिटं". रिद्धी डबा कवटाळून मागे बसून राहिली. अंगात थोडी हुडहुडी होती, ती थंडीची की पोटाची हे तिलाच ठाऊक.

शिंदखेड्याच्या अलीकडे माळावर काळ्या दगडाची भिंत उभी आहे. कुणी बांधलेली वाटते, पण नाही. जमिनीच्या भेगेतून लाव्हा वर आला आणि भेगेतच निवला. आजूबाजूचा खडक लाखो वर्षांत झिजून गेला, उरली ती भरलेली भेग, भिंत होऊन. निवताना तिला अशा चिरा गेल्या की लांबून सरपणाचे ओंडके आडवे रचल्यासारखे दिसतात. संयम भूगर्भशास्त्रात बीएस्सी झालेला. या भिंतीचा फोटो हिवाळ्यातच काढायचा, हे त्याचं ठरलेलं. ऊन तिरपं पडलं की एकेक ओंडका सावलीसकट उठून दिसतो.

पण आज आभाळ दाटलेलं होतं.

"जेवते मी," रिद्धी म्हणाली.

"हो, पण कॅमेऱ्याची ही तिकाटणी तेवढी धर ना, वाऱ्याने हलतेय."

तिने धरली. सव्वा तास धरली. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा, धनसिंग, हा खेळ उभा राहून बघत होता.

"काय भाऊ, भिंतना फोटू काढी राहिना का?"

"हो आबा. उजेडाची वाट बघतोय."

"भिंत काय पळी जाई का? सकाय भी आठेच ऱ्हाई. त्या बाईले जेवू दे पहिले, तोंड सुकी गयं तिनं."

संयम ओशाळून हसला. "जा गं, बस तू जेवायला."

रिद्धीने पळसाखाली आसन अंथरलं, हात धुतले, नवकार मंत्र म्हटला, ताटलीत भाकरी आणि गट्ट्याची भाजी वाढून घेतली. तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सूर्यास्त पाच त्रेपन्नचा, त्यानंतर पाणीसुद्धा चालत नाही.

तिने पहिला घास तोंडात घातला आणि पश्चिमेला ढग फाटला. भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटल्यासारखी उजळली.

"रिद्धी!" संयमचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. "धाव! भिंतीच्या बुडाशी उभी राहा! माणूस असल्याशिवाय उंची कळत नाही!"

"संयम, मी..."

"लवकर! दोन मिनिटांत जाईल हे ऊन!"

त्याने मान वळवली असती तर दिसलं असतं. वळवली नाही. भिंगात त्याला उशिराने एक लाल ठिपका चालत आलेला दिसला, तिची शाल. "डावीकडे! अजून थोडी!" तो ओरडत होता. बारा फोटो निघाले. मग ढग मिटला.

तो नाचतच पळसाखाली आला. आसनाशेजारी बसून त्याने डब्यातली भाकरी मोडली आणि गट्ट्याबरोबर दोन घास खाल्ले. "काय फोटो आलाय, बघच तू." ती जरा दूर उभी राहून थर्मासमधलं गरम पाणी पीत होती. तिसऱ्या घासाला त्याची नजर ताटलीकडे गेली. भाजी तशीच होती. भाकरीचा एक कोपरा तेवढा मोडलेला.

त्याने हातातला घास खाली ठेवला.

"तू उठलीस!"

"तू हाक मारलीस."

"अगं, सांगायचं ना!"

"सांगत होते."

संयमने घड्याळ पाहिलं. "अजून अर्धा तास आहे. बस. बस खाली, जेव. इथे कोण बघतंय?"

रिद्धीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपलंच वाक्य उचलून खिशात घालावंसं वाटलं. तरी तो बोलत राहिला. नियमामागचा हेतू काय, उठलीस ती काही स्वतःच्या मर्जीने नाही, कालच्या खिरीवर आजचा दिवस निघतो का. तिने ऐकून घेतलं आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"मी पाणी पिते सूर्यास्तापर्यंत. तू जेवून घे. टाकायचं नाही अन्न."

आणि त्याला ते सगळं खावं लागलं. तिच्या वाटणीचं, तिच्यासमोर. इतकी बेचव गट्ट्याची भाजी त्याने जन्मात खाल्ली नव्हती.

घरी पोचले तेव्हा सुगनबाई दारातच होत्या. "पोटभर झालं ना बिनणी?"

"एक घास झाला, मम्मीजी. उठावं लागलं."

"का गं?"

रिद्धीने संयमकडे पाहिलं. तिने उत्तराची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. तिथे त्याने फक्त आपलं नाव घालायचं होतं.

"वारा फार सुटला होता," संयम म्हणाला. "सगळं उडायला लागलं."

सुगनबाई चुकचुकल्या आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत तिला आत घेऊन गेल्या. रिद्धीने वळून पाहिलंसुद्धा नाही. वीस मिनिटांनी तो आत जाऊन खरं सांगायला उठला, पण स्वयंपाकघरात दोघी कसल्याशा बोलण्यात रमल्या होत्या. उद्या सांगू, असं म्हणून तो परतला. उद्याही सांगितलं नाही.

फोटो खरोखर उत्तम आला होता. त्याने तो कुणाला दाखवला नाही.

पुढच्या सुट्टीला सकाळी तो खोलीच्या दारात उभा राहिला. रिद्धी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"चल, जाऊन येऊ."

"तू जा. मी डबा भरून देते."

"कॅमेरा नाही नेत आज. खरंच."

तिने हातातली घडी पुरी केली, वर पाहिलं, आणि रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात विचारलं, "मग कशाला जायचं?"

वर्षभरात आपण हिला नुसतं बसायला म्हणून कुठे नेलं होतं, अशा एका तरी जागेचं नाव संयम आठवत राहिला, आणि ती पुढच्या कपड्याची घडी घालू लागली.