सोड्याचं वजन

मावशीच्या लाँड्रीत दोन नियम होते. कपडा पाण्यात जाण्याआधी खिसे उलटे करायचे, आणि मळका कपडा तीन दिवसांच्या वर पडू द्यायचा नाही. तिचा भाचा बबड्या याला दोन्ही नियम पाठ होते. तरी त्याने कपड्यांची एक पिशवी आणून तिच्या फळीवर ठेवली आणि वर म्हणाला, "मावशी, धुवू नकोस हं. नुसती ठेव. मी नेतो नंतर."

लाँड्रीवालीला मळके कपडे द्यायचे आणि धुवू नकोस म्हणायचं! तीन दिवस तिने कशीबशी कळ काढली. चौथ्या दिवशी पिशवीला कुबट वास सुटला आणि तिचे हात शिवशिवू लागले. जाकिटाच्या अस्तराशी बोटं गेली तेव्हा आत पुडी लागली. पांढरी पूड, मूठभर. ती काही कालची पोर नव्हती. काय ते तिला लगेच कळलं.

बबड्याला बोलावून तिने चांगलं फैलावर घेतलं. तो रडायला लागला. "माझी नाही गं ती. लोकांनी ठेवायला दिलीय. हरवली तर ते मला जिवंत सोडणार नाहीत. एक आठवडा ठेव, मावशी, तुझ्या पाया पडतो."

आणि तिने ठेवली. हा तिचा गुन्हा, आणि तो तिने कधी नाकारला नाही.

पण ती पुडी तिला घास गिळू देईना. बबड्या ती परत नेणार, त्याला ज्यांनी दिली ते पुढे विकणार, आणि शेवटी ती कुणाच्या तरी लेकराच्या नाकात जाणार. सहाव्या दिवशी तिने दार लोटलं, सोड्याचं पिंप उघडलं, पुडी फोडून आत ओतली आणि कपडे ढवळायच्या दांड्याने खालवर केली. सोडा तेल खातो, रक्ताचे डाग खातो, हाताची कातडी सोलतो. तीस वर्षांत सोड्यापुढे टिकलेलं काही तिने पाहिलं नव्हतं. पुडीचा जीव गेला असं समजून ती त्या दिवशी पोटभर जेवली.

बबड्याला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. त्या लोकांपासून वाचायचं तर आता एकच वाट होती. तो सरळ पोलिसांत गेला आणि माल कुठे आहे ते सांगून मोकळा झाला.

पोलिसांनी पिंप जप्त केलं. पाच महिने मावशी कोठडीत आणि तिची मुलगी एकटी लाँड्रीत. वकील म्हणत होता, "ऐंशी ग्रॅम म्हणजे किरकोळ. सहा महिने लागतील, त्यातले पाच झालेच." निकालाच्या दिवशी मुलगी घरची चप्पल घेऊन आली होती, आईला घरी न्यायला.

मग सरकारी वकिलाने प्रयोगशाळेचा कागद वाचला. पिंपातल्या मिश्रणात अमली पदार्थ सापडला. मिश्रणाचं एकूण वजन बावीस किलो. कायद्यात मिश्रण पूर्ण तोलतात. बावीस किलोला कमीत कमी दहा वर्षं.

म्हणजे ऐंशी ग्रॅम विष आणि उरलेला सगळा धुण्याचा सोडा, आणि बाईच्या डोक्यावर आरोप सगळ्याचा! असलं गणित शाळेत कुणी केलं असतं तर मास्तरांनी पाठीत धपाटा घातला असता.

"तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याचाही आवाज खाली गेला होता.

मावशीने कठड्याला घट्ट धरलं. "साहेब, पुडी होती तशीच फळीवर ठेवली असती, तर किती?"

"सहा महिने. फार तर वर्ष."

"आणि भाच्याच्या हातात परत दिली असती तर?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर तुमच्याकडे काही सापडलंच नसतं."

"म्हणजे मी ती कुणाच्या उपयोगाची राहू दिली नाही, म्हणून दहा वर्षं?"

"कायदा मी केलेला नाही, बाई."

"साहेब, मी कपडे तोलून घेते. ओल्या कपड्याचं वजन लावलं तर गिऱ्हाईक मला लबाड म्हणतं, आणि बरोबर म्हणतं. तुम्ही लावलंत तर त्याला काय म्हणायचं?"

मागे कुणीतरी हसलं. शिपायाने त्याला गप्प केलं. न्यायाधीशांनी चष्मा परत लावला आणि दहा वर्षं वाचून दाखवली. त्यानंतर बबड्याची पाळी आली. त्याने पोलिसांना मदत केली म्हणून त्याला दीड वर्ष. ज्यांची ती पुडी होती त्यांचं नावही कुणी काढलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी.

बाहेर नेताना बबड्या शेजारून गेला. खाली मान घालून पुटपुटला, "मावशी, तू कशाला गं हात लावलास तिला?"

त्याला एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं, पण हात बांधलेले होते.

महिला पोलिसाने मायलेकींना बाकावर दहा मिनिटं बसू दिलं. मुलगी बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "लाँड्री मी चालवीन. पण आई, कुणाच्या कपड्यांत असलं काही निघालं तर मी काय करू?"

"पोलिसांत जा."

"आणि ते बबड्यादादासारखं कुणी आपलंच असलं तर?"

आपल्या माणसाला पोलिसांत द्यायला मावशीचं मन तेव्हाही झालं नव्हतं, आजही झालं नसतं. शेजारी बसलेली पोरगी ती सांगेल ते करणार होती, नेहमीसारखी.

"तर पुडी बांधून त्याच्या हातात परत दे," ती म्हणाली.

"आणि मग ती कुणाच्या पोराबाळांना..."

"परत दे म्हणते ना!" मावशी इतक्या जोराने ओरडली की महिला पोलीस उठून आली.

मुलीने मान डोलावली. आईला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.